युरोपीय संघात शिरताना लहान माजी साम्यवादी देशांना नेमकं काय करावं लागतं?

उत्तरध्रुव (धागाकर्ता)

एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया आणि स्लोव्हेनिया हे चार लहान देश १ मे २००४ रोजी युरोपीय संघाचे सदस्य झाले. पहिले तीन १९९१ पर्यंत सोव्हिएत संघात होते, चौथा युगोस्लाव्हियात. म्हणजे स्वातंत्र्य ते सदस्यत्व हा पल्ला त्यांनी तेरा वर्षांत गाठला. याउलट माँटेनेग्रोच्या वाटाघाटी जून २०१२ मध्ये सुरू झाल्या आणि २०२४ संपेपर्यंत जेमतेम सहा प्रकरणं बंद झाली. उत्तर मॅसेडोनियाला उमेदवारीचा दर्जा डिसेंबर २००५ मध्येच मिळाला, पण वाटाघाटींची पहिली बैठक व्हायला जुलै २०२२ उजाडला.

बातम्यांतून 'अमुक प्रकरण उघडलं, तमुक तात्पुरतं बंद केलं' एवढंच कळतं. संघाचे कायदे तर आधीच ठरलेले आहेत, मग वाटाघाट कशाची होते? साम्यवादी व्यवस्थेतून आलेल्या छोट्या देशाचं गाडं प्रत्यक्षात कुठं अडतं? आणि आत गेल्यावर दहा-वीस लाख वस्तीच्या देशाचं कोण ऐकतं? तत्त्वचर्चा बरीच वाचली आहे. तारखा, आकडे आणि अटी यांसह कुणी सांगितलं तर बरं होईल.

कलम४९

कायद्यांवर वाटाघाट होत नाही हे तुमचं बरोबर आहे. घासाघीस होते ती मुदतींवर आणि पैशांवर.

आधी क्रम सांगतो. देश संघाच्या करारातल्या कलम ४९ खाली अर्ज करतो. आयोग, म्हणजे संघाचं कार्यकारी मंडळ, भलीमोठी प्रश्नावली पाठवतो आणि उत्तरं तपासून आपलं मत देतो. उमेदवारीचा दर्जा सगळ्या सदस्य देशांनी एकमतानं द्यायचा असतो. वाटाघाटींची चौकटही एकमतानंच ठरते. स्क्रीनिंगमध्ये देशाचे कायदे विषयवार संघाच्या कायद्यांशेजारी ठेवून फरक लिहून काढतात. २००४ च्या फेरीत संघाचा कायदेसंग्रह सुमारे ८०,००० पानांचा होता आणि त्याची ३१ प्रकरणं पाडलेली होती. क्रोएशियापासून ती ३५ झाली. त्यातलं ३४ वं संस्थांविषयी आणि ३५ वं 'इतर' असल्यामुळे ती वेगळ्या पद्धतीनं हाताळतात, म्हणून बातम्यांत ३३ चा आकडा दिसतो. सगळं झालं की प्रवेशाचा करार, त्याला युरोपीय संसदेची संमती, आणि शेवटी प्रत्येक सदस्य देशात मंजुरी.

प्रत्येक प्रकरण उघडायला एकमत लागायचं आणि बंद करायलाही. म्हणजे एका देशाच्या नकारावर काम थांबू शकेल अशा साठाहून जास्त जागा. २०२० पासून प्रकरणांचे सहा गट केले आहेत आणि गटच्या गट एकदम उघडतो, पण बंद करणं अजून प्रकरणागणिकच चालतं. न्यायव्यवस्था, अंतर्गत सुरक्षा वगैरेंचा 'मूलभूत बाबी' हा गट सर्वांत आधी उघडतो आणि सर्वांत शेवटी बंद होतो.

आता मुदती. देश म्हणतो, 'हा कायदा मान्य आहे, पण लागू करायला अमुक वर्षं द्या.' एस्टोनियाची वीज जवळपास सगळी तेल-शेलवर (जाळता येणाऱ्या तेलयुक्त खडकावर) चालायची. एकदम बाजार खुला केला तर नार्वा शहराजवळची वीजकेंद्रं कोलमडतील असं त्यांनी मांडलं. त्यावर त्यांना २००८ अखेरपर्यंत ३५ टक्के आणि २०१२ अखेरपर्यंत पूर्ण बाजार खुला करण्याची सवलत मिळाली. बाल्टिक देशांनी परदेशी नागरिकांना शेतजमीन विकण्यासाठी सात वर्षांची मुदत घेतली. लाटव्हिया आणि लिथुआनियानं ती पुढे तीन वर्षांनी वाढवूनही घेतली. पोलंडला तर बारा वर्षं मिळाली.

पण मुदती जुने सदस्यही लादतात आणि त्या जास्त झोंबणाऱ्या असतात. कामगारांच्या मुक्त संचारावर २+३+२ वर्षांची अट आली. पहिल्या दिवशी दारं उघडली ती फक्त ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडननं. जर्मनी आणि ऑस्ट्रियानं पूर्ण सात वर्षं, म्हणजे ३० एप्रिल २०११ पर्यंत, दारं बंद ठेवली. शेतकऱ्यांच्या थेट अनुदानाचंही तसंच झालं. २००४ मध्ये जुन्या सदस्यांच्या २५ टक्के, २००५ मध्ये ३०, २००६ मध्ये ३५, २००७ मध्ये ४०, आणि तिथून दरवर्षी दहा-दहा टक्क्यांनी वाढवत २०१३ मध्ये १०० टक्के. दरम्यान देशानं मर्यादित भर घालायची मुभा होती. सदस्यत्व पहिल्या दिवसापासून, नियम पहिल्या दिवसापासून, खुली बाजारपेठही पहिल्या दिवसापासून, पण अनुदान चौथाई. लिथुआनियाचा शेतकरी त्याच बाजारात डॅनिश शेतकऱ्यासमोर असा उभा राहिला. त्या फेरीत हा अन्याय झाला असं माझं स्पष्ट मत आहे.

सर्वांत महागडी अट इग्नालिनाची. लिथुआनियाच्या या अणुवीज केंद्रात चेर्नोबिल जातीच्या दोन अणुभट्ट्या होत्या आणि देशाची सुमारे ७० टक्के वीज तिथून यायची. प्रवेश कराराच्या चौथ्या प्रोटोकॉलनुसार पहिली अणुभट्टी २००४ अखेर बंद व्हायची होती आणि दुसरी २००९ अखेर. मोडणीचा मोठा खर्च संघानं उचलायचं मान्य केलं. २००८ मध्ये मुदतवाढीसाठी सल्लागार सार्वमत झालं, पण निम्म्याहून कमी मतदारांनी मतदान केल्यामुळे ते वैध ठरलं नाही. ३१ डिसेंबर २००९ ला दुसरी अणुभट्टी बंद झाली आणि वीज निर्यात करणारा देश रातोरात आयातदार झाला. चूक तारखेत नव्हती, सुरक्षेच्या दृष्टीनं तारीख योग्यच होती. पण बंद करायची तारीख करारात बांधली गेली, पर्यायी तारांची तारीख कुणीच बांधून घेतली नाही. पोलंड आणि स्वीडनला जोडणाऱ्या वीजवाहिन्या आल्या त्या २०१५ च्या सुमारास. आणि बाल्टिक देशांचं ग्रिड रशियापासून तोडून युरोपच्या ग्रिडला जोडलं गेलं ९ फेब्रुवारी २०२५ ला, म्हणजे सदस्यत्वानंतर वीस वर्षांनी.

जकातनाका

कलम४९ यांनी करारातला भाग नीट मांडला आहे. मी कागदावरून जमिनीवर येताना काय बिघडतं ते सांगते, कारण लहान देशांची खरी दमछाक तिथे होते.

एस्टोनियानं नव्वदच्या दशकात आयातशुल्क जवळपास शून्यावर आणलं होतं. संघात शिरायचं तर संघाचं सामायिक बाह्य शुल्क लावावं लागतं. म्हणजे जो देश संघापेक्षा जास्त मुक्त व्यापार करत होता, त्याला अमेरिका, युक्रेन, रशियाकडून येणाऱ्या हजारो वस्तूंवर नव्यानं शुल्क लावावं लागलं, आणि युक्रेनशी असलेला मुक्त व्यापार करार मोडावा लागला. सदस्य देशाला स्वतंत्र व्यापार करार ठेवताच येत नाही. आज मोल्दोवा किंवा सर्बियाबद्दल वाचताना ही गोष्ट ध्यानात असू द्या. सर्बियाचे रशिया आणि चीनशी मुक्त व्यापार करार आहेत, आणि प्रवेशाच्या दिवसापर्यंत ते संपवावे लागतील.

आता साखर. संघात तेव्हा साखरेला कोटा होता आणि भाव जागतिक बाजाराच्या कितीतरी वर. १ मे २००४ ला भाव चढणार हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे व्यापाऱ्यांनी आणि घराघरांनी आधीच्या भावात पोती भरून ठेवली. संघाला हे अपेक्षित होतं. स्वस्तात साठवलेला माल नव्या सीमेच्या आत आला की संघाच्या भावव्यवस्थेला भोक पडतं, म्हणून जानेवारी २००४ मध्येच नियम निघाला: नेहमीच्या साठ्यापेक्षा जास्त असलेली साखर देशानं स्वखर्चानं बाजारातून काढायची, नाहीतर पैसे भरायचे. एस्टोनियाचं म्हणणं होतं की घरातली साखर मोजू नका, आमच्याकडे उन्हाळ्यात मुरंबे घालायला लोक दरवर्षी साठा करतात. आयोगानं ऐकलं नाही, न्यायालयातही एस्टोनिया हरला आणि कोट्यवधी युरोंचा बोजा सरकारी तिजोरीवर पडला. यातून निघणारं काम साधं आहे: भावात मोठी तफावत असलेला प्रत्येक माल प्रवेशाच्या किमान वर्षभर आधी शोधायचा, त्या मालाची गेल्या काही वर्षांची आयात आणि साठ्याची नोंद करून ठेवायची, आणि आयात अचानक फुगू लागली की परवाने लावायचे. आधीची आकडेवारीच नसेल तर 'नेहमीचा साठा' किती हे तुम्ही सिद्ध करू शकत नाही, आणि मग आयोग धरेल तोच आकडा खरा.

भाषांतर हा असाच दुर्लक्षित भाग. संघाचा कायदा नागरिकाला लागू करायचा तर तो त्याच्या भाषेत अधिकृत राजपत्रात छापलेला हवा. २००४ मध्ये नऊ नव्या भाषांची हजारो पानं वेळेत छापून झाली नव्हती. चेक प्रजासत्ताकातल्या स्कोमा-लक्स या कंपनीला सीमाशुल्काच्या नियमभंगासाठी दंड झाला. तो नियम तेव्हा चेक भाषेत छापलेला नव्हता. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं आणि ११ डिसेंबर २००७ ला निकाल लागला: सदस्य देशाच्या भाषेत राजपत्रात न छापलेल्या नियमानं व्यक्तीवर बंधन घालता येत नाही, मग तो इंटरनेटवर वाचायला मिळत असला तरीही. तेरा लाख वस्तीच्या एस्टोनियाला आणि आठ कोटींच्या जर्मनीला पानं तेवढीच लागतात. शिवाय कायद्याची परिभाषा साम्यवादी काळात त्या भाषांत घडलीच नव्हती. ट्रस्ट, लिलावाची राखीव किंमत, स्पर्धाभंग अशा शेकडो संज्ञा नव्यानं ठरवाव्या लागल्या, आणि एकदा छापलेली चुकीची संज्ञा मग पुढच्या प्रत्येक कायद्यात उतरत गेली.

निधीचं सांगायचं तर प्रवेशाआधी शेतीसाठी 'सापार्ड' नावाची योजना होती. तिचे पैसे मिळवायला देशानं आधी एक यंत्रणा उभारून मान्यता घ्यायची. अर्ज मंजूर करणारा, पैसे देणारा आणि हिशेब लिहिणारा हे तीन वेगळे हात हवेत, आणि अंतर्गत लेखापरीक्षण त्यांच्यापासून स्वतंत्र हवं. केंद्रीय नियोजनाच्या काळात एकच अधिकारी ही सगळी कामं करायचा, त्यामुळे मान्यतेलाच उशीर झाला. मान्यता मिळाल्यावर दुसरा अडथळा. मदत खर्चाच्या साधारण निम्म्यापर्यंत, आणि तीही शेतकऱ्यानं आधी सगळा खर्च करून पावत्या दिल्यावर. बँका लहान शेतकऱ्याला कर्ज देईनात, कारण जमिनीची मालकीच नीट नोंदलेली नव्हती. मग पैसा गेला कुठं? ज्यांच्याकडे आधीच भांडवल होतं अशा मोठ्या शेतांकडे आणि प्रक्रिया कारखान्यांकडे.

यंत्रणा नुसती कागदावर उभी असेल तर काय होतं याचं उदाहरण बल्गेरिया. १ जानेवारी २००७ ला सदस्य झाला आणि २००८ मध्ये गैरव्यवहारांमुळे आयोगानं प्रवेशपूर्व निधी रोखला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये २२ कोटी युरो कायमचे हातचे गेले. बल्गेरिया आणि रुमानियाला न्यायव्यवस्थेतल्या कच्च्या कामासह आत घेतलं, आणि त्यांच्यावर देखरेखीची खास यंत्रणा बसवावी लागली, ती औपचारिकपणे बंद व्हायला २०२३ उजाडलं. माँटेनेग्रोला आज इतकं घासून तपासतात त्याचं मूळ इथं आहे.

उत्तरध्रुव

दोघांचेही आभार, साखरेचं प्रकरण मला अजिबात माहीत नव्हतं. दोन उपप्रश्न. एस्टोनियानं १९९२ पासूनच क्रोन जर्मन मार्काला बांधला होता, मग त्यांना युरो मिळायला २०११ का उजाडलं? लिथुआनियाला २००६ मध्ये नकार मिळाला तो नेमका कशावरून? आणि शेजारी देशाच्या नकाराधिकारावर काही उपाय असतो का?

स्थिरदर

युरोपुरतं लिहितो.

२००४ आणि त्यानंतर आलेल्या सर्व देशांवर युरो स्वीकारण्याचं बंधन आहे, डेन्मार्कसारखी सूट कुणालाच नाही. पण तारीख ठरलेली नसते. निकष असे: सरकारी तूट सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ३ टक्क्यांच्या आत, कर्ज ६० टक्क्यांच्या आत किंवा पुरेशा वेगानं उतरतं, युरोशी चलनाचा दर ठरलेल्या पट्ट्यात ठेवणाऱ्या विनिमयदर यंत्रणेत किमान दोन वर्षं मोठ्या ताणाशिवाय, दीर्घ मुदतीचे व्याजदर ठरलेल्या पट्ट्यात, आणि महागाई सर्वांत चांगली कामगिरी असलेल्या तीन सदस्य देशांच्या सरासरीपेक्षा दीड टक्क्याहून जास्त नाही.

या शेवटच्या अटीवर बाल्टिक देश अडकले. २००६ मध्ये महागाईची मर्यादा निघाली २.६ टक्के आणि लिथुआनियाचा आकडा होता २.७. बाकी सगळं ठीक असूनही दशांश टक्क्यानं नकार. स्लोव्हेनिया त्याच फेरीत उत्तीर्ण झाला आणि १ जानेवारी २००७ ला २३९.६४ टोलारला एक युरो या दरानं आत गेला. तीन 'उत्तम' देश निवडताना युरो न वापरणारे देशही धरले जातात, याबद्दल लिथुआनियाची तक्रार होती आणि ती मला रास्त वाटते.

पण मुळात महागाई चढते का, हे समजलं की पुढचं सोपं आहे. गरीब देश श्रीमंत बाजारात शिरला की त्याचे पगार आणि भाव हळूहळू शेजाऱ्यांच्या जवळ जातात. चलन तरंगतं असेल तर त्यातला काही भाग चलन महाग होऊन जिरतो. चलन बांधलेलं असेल तर सगळा भार किमतींवर येतो. एस्टोनियाचा क्रोन आधी ८ क्रोन = १ मार्क आणि नंतर १५.६४६६ क्रोन = १ युरो असा पक्का होता. लिथुआनियाचा लिटास ३.४५२८ ला. ज्या बांधणीनं नव्वदच्या दशकात त्यांना स्थैर्य दिलं, तीच इथं आड आली.

स्लोव्हाकियानं दुसरा मार्ग घेतला. त्यांनी यंत्रणेत राहूनच मध्यवर्ती दर दोनदा वर नेला. मार्च २००७ मध्ये साडेआठ टक्के, मे २००८ मध्ये सतरा टक्क्यांहून जास्त. प्रति युरो ३८.४५५ कोरुनापासून ३०.१२६ पर्यंत. चलन महाग झालं, आयात स्वस्त झाली, महागाई दबली, आणि १ जानेवारी २००९ ला युरो आला. ज्याचं चलन थोडं तरी हलू शकतं त्यालाच हे जमतं.

एस्टोनियाची महागाई उतरली ती २००९ च्या मंदीनं. बाल्टिक देशांत परदेशी, मुख्यतः स्वीडिश, बँकांनी युरोत गृहकर्जं वाटून जमिनीचे भाव फुगवले होते. फुगा फुटला तेव्हा चलनाचं अवमूल्यन केलं असतं तर युरोत कर्ज घेतलेली घरं बुडाली असती. म्हणून तिन्ही देशांनी दर धरून ठेवला आणि पगार व खर्च कापले. लाटव्हियाची अवस्था सर्वांत वाईट झाली. पारेक्स बँक सरकारला ताब्यात घ्यावी लागली, नाणेनिधी, संघ, नॉर्डिक देश आणि इतरांकडून मिळून एकूण ७.५ अब्ज युरोंचं साहाय्य ठरलं, आणि बेरोजगारी वीस टक्क्यांच्या आसपास गेली. एस्टोनियाकडे सरकारी कर्ज जवळपास नव्हतंच आणि चांगल्या वर्षांत साठवलेली गंगाजळी होती, त्यामुळे तूट तीन टक्क्यांच्या आत राहिली. मंदीनं महागाई पाडली आणि १ जानेवारी २०११ चं दार उघडलं. लाटव्हिया २०१४, लिथुआनिया २०१५, क्रोएशिया २०२३ आणि बल्गेरिया १ जानेवारी २०२६. बल्गेरियाचा लेव्हही तसाच जुना बांधलेला, १.९५५८३ ला एक युरो.

माँटेनेग्रोचं प्रकरण निराळं आहे. तिथे १९९९ मध्ये मार्क आणि २००२ पासून युरो चालतो, पण तो एकतर्फी, कुणाची परवानगी न घेता. त्याला युरोपीय मध्यवर्ती बँकेचा सदस्य देशांसारखा आधार नाही, स्वतःच्या नोटा छापता येत नाहीत आणि बँका अडचणीत आल्या तर तातडीचा पैसा उभा करणं कठीण जातं. निकष न पाळता आधीच युरो वापरणाऱ्याला आत घेताना काय करायचं, हा प्रश्न आर्थिक धोरणाच्या १७ व्या प्रकरणात सोडवायचा आहे.

सीमाप्रश्न

शेजाऱ्याच्या नकाराधिकाराविषयी.

उपाय आहे, पण तो प्रवेशाच्या चौकटीबाहेर शोधावा लागतो. स्लोव्हेनियाचीच दोन उदाहरणं घ्या. नव्वदच्या दशकात इटलीनं स्लोव्हेनियाला अडवलं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथून गेलेल्या इटालियन कुटुंबांच्या मालमत्तेचा वाद होता, आणि स्लोव्हेनियाच्या घटनेचं ६८ वं कलम परदेशी माणसाला जमीन घेऊ देत नव्हतं. १९९६ मध्ये स्पेनच्या मध्यस्थीनं तोडगा निघाला: ज्यांनी पूर्वी तीन वर्षं स्लोव्हेनियात वास्तव्य केलं आहे अशा संघाच्या नागरिकांना लगेच मालमत्ता घेता येईल, इतरांना काही वर्षांनी. तोडगा पाळण्यासाठी १९९७ मध्ये घटना बदलली. मग आत गेल्यावर स्लोव्हेनियानं तेच क्रोएशियाशी केलं. पिरानच्या आखातातल्या सागरी सीमेवरून २००८ अखेरपासून २००९ च्या शरदापर्यंत वाटाघाटी अडल्या. शेवटी दोघांनी सीमेचा वाद लवादाकडे सोपवला आणि स्लोव्हेनियानं अडवणूक सोडली. जून २०१० मध्ये स्लोव्हेनियात त्या करारावर सार्वमत झालं, ते जेमतेम साडेएक्कावन्न टक्क्यांनी पार पडलं. क्रोएशिया १ जुलै २०१३ ला सदस्य झाला. लवादाचा निवाडा आला २०१७ मध्ये, आणि क्रोएशियानं तो मानला नाही, पण तोपर्यंत तो आत होता. वाद प्रवेशप्रक्रियेपासून सोडवून वेगळ्या टेबलावर ठेवणं हा या पद्धतीचा गाभा.

उत्तर मॅसेडोनियाच्या वाट्याला उलट आलं. ग्रीसनं 'मॅसेडोनिया' या नावावरून अडवलं. ग्रीसशी झालेल्या जून २०१८ च्या प्रेस्पा करारानं नाव बदललं, घटना बदलली. त्यानंतर ऑक्टोबर २०१९ मध्ये फ्रान्सनं प्रक्रियेतच सुधारणा हवी म्हणून थांबवलं आणि नोव्हेंबर २०२० मध्ये बल्गेरियानं भाषा आणि इतिहासावरून. २०२२ च्या तडजोडीत बल्गेरियन समाजाचा उल्लेख घटनेत घालण्याची अट थेट वाटाघाटींच्या वाटेवरच बसवली गेली. १२० सदस्यांच्या संसदेत त्याला ८० मतं लागतात, ती जमत नाहीत, म्हणून पहिला गटही उघडेना. अल्बानिया तोवर त्याच्याबरोबर जोडीनं बांधलेला होता. २०२४ मध्ये जोडी सोडली आणि त्याच ऑक्टोबरात अल्बानियाचा पहिला गट उघडला. द्विपक्षीय अट एकदा चौकटीत शिरली की दर टप्प्यावर ती पुन्हा पुढे येते. उमेदवार देशाच्या मुत्सद्द्यांनी सर्वांत जास्त जोर लावायचा तो चौकटीच्या मसुद्यावर.

सरकारचा ताबा नसलेला प्रदेश ही अडचण मात्र कायद्यानं सोडवता येते. सायप्रसच्या वेळी दहाव्या प्रोटोकॉलनं ठरवलं की ज्या भागावर सरकारचा ताबा नाही तिथं संघाचा कायदा तहकूब राहील. मोल्दोवाच्या ट्रान्सनिस्ट्रिया या फुटीर भागासाठी या नमुन्याचा विचार होतो. मोल्दोवाची जास्त काळजी मला मतांची वाटते. २० ऑक्टोबर २०२४ च्या सार्वमतात ५०.३५ टक्के होकार, म्हणजे दहा हजारांच्या थोड्या वर मतांचा फरक.

आणि सगळं शेजाऱ्यांवर ढकलूही नये. डिसेंबर १९९७ मध्ये लक्झेंबर्गच्या बैठकीत स्लोव्हाकियाला पहिल्या गटातून वगळलं ते तेव्हाचे पंतप्रधान व्लादिमीर मेचियार यांच्या कारभारामुळे. १९९८ च्या निवडणुकीत सरकार बदललं, फेब्रुवारी २००० मध्ये वाटाघाटी सुरू झाल्या आणि डिसेंबर २००२ मध्ये, तीन वर्षांच्या आत, पुढे गेलेल्यांबरोबरच संपल्या. दोन वर्षांचा उशीर पूर्ण भरून काढला.

मतपेटी

आत गेल्यावरच्या वजनाबद्दल थोडक्यात. मंत्रिपरिषदेत नेहमीच्या ठरावाला ५५ टक्के देश आणि ६५ टक्के लोकसंख्या लागते. ठराव अडवायला किमान चार देश हवेत. लोकसंख्येच्या पारड्यात एस्टोनिया नगण्य, पण देशांच्या मोजणीत जर्मनीइतकाच एक. करआकारणी, परराष्ट्र धोरण आणि नवे सदस्य यांत पूर्ण नकाराधिकार. आयोगात प्रत्येकी एक आयुक्त. युरोपीय संसदेत एस्टोनियाचे ७, लाटव्हिया आणि स्लोव्हेनियाचे प्रत्येकी ९, लिथुआनियाचे ११ सदस्य, म्हणजे दरडोई मोठ्या देशांपेक्षा कितीतरी जास्त.

खरी अडचण माणसांची. परिषदेचे दीडशेहून जास्त कार्यगट आहेत आणि लहान देशाचा एकच अधिकारी चार-पाच गट सांभाळतो. म्हणून जे लहान देश चार-दोन विषय निवडून त्यांतच ताकद घालतात त्यांचं ऐकलं जातं. एस्टोनियानं डिजिटल कारभार निवडला आणि २०१७ च्या उत्तरार्धातलं परिषदेचं फिरतं अध्यक्षपद त्यावरच चालवलं.

दुसरी बाजू स्थलांतर. लिथुआनियाची लोकसंख्या १९९० मध्ये सुमारे ३७ लाख होती, आता २८-२९ लाख आहे. लाटव्हिया २६-२७ लाखांवरून १९ लाखांच्या खाली. सगळी घट सदस्यत्वामुळे नाही, जन्मदर पडला आणि सोव्हिएत काळात आलेले बरेच लोक नव्वदच्या दशकात परत गेले. पण २००४ नंतर आणि पुन्हा २००९ च्या मंदीत तरुण बाहेर पडले, आणि लहान गावांतल्या शाळा व दवाखान्यांवर त्याचा परिणाम आजही दिसतो.

उत्तरध्रुव

मग माँटेनेग्रो नक्की कुठं अडला होता? त्याचं शेजाऱ्यांशी तर फारसं भांडण नाही. आणि प्रगती खरी आहे का हे बाहेरून कसं ओळखायचं?

कलम४९

न्यायव्यवस्थेचं २३ वं आणि अंतर्गत सुरक्षेचं २४ वं, या दोन प्रकरणांत. माँटेनेग्रोपासून नवी पद्धत आली: ही दोन प्रकरणं सुरुवातीलाच उघडायची, त्यांना अंतरिम निकष लावायचे, आणि ते पूर्ण होईपर्यंत बाकीची प्रकरणं बंद करायची नाहीत. आधी बंद झालेली तीन प्रकरणं सोडली तर बाकी सगळं तिथंच थबकलं. ३३ ही प्रकरणं जून २०२० पर्यंत उघडून झाली होती, म्हणजे उघडण्यात अडचण नव्हतीच.

अडलं नेमणुकांवर. घटनात्मक न्यायालयाचे न्यायाधीश निवडायला संसदेत पहिल्या फेरीत दोन तृतीयांश आणि दुसऱ्या फेरीत तीन पंचमांश मतं लागतात. कायदा चांगल्या हेतूनं केलेला, पण पक्ष एकमेकांना मतं देईनात. सप्टेंबर २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात न्यायालयाकडे गणपूर्तीच नव्हती, म्हणजे निवडणुकीच्या तक्रारींवर निकाल द्यायला कुणी नाही. नेमणुका मार्गी लागल्यावर जून २०२४ मध्ये अंतरिम निकष पूर्ण झाल्याचा अहवाल मंजूर झाला, आणि त्याच डिसेंबरमध्ये आणखी तीन प्रकरणं बंद होऊन आकडा सहावर गेला.

बाहेरून ओळखायचं तर उघडलेल्या प्रकरणांची संख्या पाहू नका. आयोग दर शरदात प्रत्येक उमेदवार देशावर अहवाल काढतो. त्यात प्रत्येक प्रकरणाला तयारीच्या पाच पायऱ्यांपैकी एक दिलेली असते: अगदी प्राथमिक अवस्था, थोडी तयारी, मध्यम तयारी, चांगली तयारी, प्रगत. सोबत त्या वर्षात किती पुढे सरकले हे वेगळं लिहितात. सलग तीन-चार वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून २३ व्या प्रकरणाची पायरी बदलली का ते पाहा. मग त्याच प्रकरणातला तो भाग शोधा, ज्यात बड्या भ्रष्टाचाराच्या खटल्यांत किती तपास, किती आरोपपत्रं, किती अंतिम शिक्षा आणि किती मालमत्ता जप्त असे आकडे येतात. तपास भरपूर आणि अंतिम शिक्षा नाहीत असं दिसलं तर कायदा झाला आहे, न्यायालय अजून चालत नाही. अल्बानियाचं बघायचं असेल तर २०१९ पासून काम करणाऱ्या 'स्पाक' या विशेष अभियोग यंत्रणेचे आकडे याच पद्धतीनं वाचता येतील.